नियम बेतून घ्या: फँटसी रोलप्लेइंगमध्ये साधं काय ठेवायचं आणि तपशील कुठे भरायचा

टेबलटॉप रोलप्लेइंगचा (टेबलाभोवती बसून, पात्रं बनून, फाशांवर खेळायच्या गोष्टीचा) नवा ग्रुप जमला की पहिल्या तासात एक वाद ठरलेला. एकाला तीनशे पानांचं पुस्तक हवं असतं, ज्यात चिलखत घालून पोहलं तर काय होतं तेही दिलेलं असेल. दुसऱ्याला एका कागदावर मावणारा खेळ हवा असतो. आपापल्या जागी दोघंही बरोबर असतात, तरी वाद मिटत नाही, कारण प्रश्न अख्ख्या पुस्तकाबद्दल विचारलेला असतो. तोच एकेका गोष्टीबद्दल विचारला की सुटायला लागतो. तलवारीचा वार एका दानात निकालात काढायचा आणि मशाल किती वेळ जळली याचा मात्र काटेकोर हिशेब ठेवायचा, असा खेळ झकास चालतो. उलटाही चालतो.

पुढचं सगळं खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरसाठी, म्हणजे टेबलावरच्या भाषेत जीएमसाठी आहे. निदान चार-पाच सेशन (खेळाच्या बैठका) खेळून झालेत असं धरलं आहे. वीस बाजूंच्या फाशाला डी२० आणि सहा बाजूंच्याला डी६ म्हटलं आहे. २डी६ म्हणजे दोन डी६ टाकून केलेली बेरीज.

वाद तसा जुनाच आहे, रोलप्लेइंगपेक्षाही जुना. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसवित्झने क्रीगश्पील हा युद्धाचा खेळ मांडला: नकाशा, ठोकळे, फासे, तोफेच्या माऱ्याचे तक्ते आणि मध्ये एक पंच. तक्ते चाळता चाळता डाव रेंगाळायचा. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा यांनी तक्ते बाजूला सारून अनुभवी पंचाच्या शब्दावर खेळ चालवायची पद्धत पुढे आणली. वेग वाढला, पण खेळाची सगळी भिस्त पंचावर आली. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स तीन छोट्या पुस्तिकांत आला, तेव्हा त्यात गाळलेल्या जागाच इतक्या होत्या की प्रत्येक टेबलानं आपापल्या परीनं त्या भरल्या. दुसऱ्याच वर्षी केन सेंट आंद्रे यांनी फक्त सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा, मुद्दाम सोपा केलेला टनेल्स अँड ट्रोल्स काढला. १९७७ पासून तर डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच दोन शाखा झाल्या, बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड. दोन्ही खपल्या.

साधे नियम म्हणजे कमी काम नव्हे

काम कमी होत नाही, ते पुस्तकातून जीएमच्या डोक्यात सरकतं. प्लेअर म्हणतो, "मी झुंबराला लटकून पलीकडच्या गॅलरीत उडी मारतो." जाड पुस्तकात उडीचं अंतर, ताकदीचा आकडा, पडल्यास प्रत्येक दहा फुटांना एक डी६ डॅमेज (इजा) हे सगळं लिहिलेलं असतं. एकपानी खेळात जीएमला तिथल्या तिथे तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: कोणता गुण लागणार, गाठायचा आकडा किती आणि चुकलं तर काय. एकदा ठरवणं सोपं आहे. खरी अडचण तीन आठवड्यांनी येते, जेव्हा दुसरा प्लेअर तशीच उडी मारतो आणि जीएमच्या तोंडून वेगळा आकडा निघतो. "त्याच्या वेळी बारा आणि माझ्या वेळी सोळा का?" हा प्रश्न रास्तच असतो.

म्हणून साधा खेळ घेणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून निकालांची वही ठेवावी. एका ओळीत एक निकाल: "उडी, गॅलरी ते गॅलरी, आकडा १२, चुकलं तर लटकलेला." दहा-बारा सेशननंतर वहीत तीसेक ओळी जमतात आणि त्यातल्या सात-आठच पुन्हा पुन्हा लागतात, हे दिसून येतं. त्या सात-आठ ओळी म्हणजे तुमच्या टेबलाला खरोखर हवे असलेले तपशीलवार नियम. बाकीचे पुस्तकात होते म्हणून होते.

पायरी १: आधी मोजा

काहीही बदलण्यापूर्वी एक सेशन नेहमीसारखं खेळा आणि कुणातरी एकाला वही धरायला सांगा. चार आकडे टिपायचे: किती वेळा पुस्तक किंवा ॲप उघडलं, एका प्लेअरची पाळी सरासरी किती सेकंद चालली, एका कृतीला किती दानं टाकावी लागली, आणि किती वेळा एखाद्या नियमामुळे प्लेअरनं आपला बेत बदलला. चौथा आकडा सगळ्यात मोलाचा आणि नेमका तोच कुणी टिपत नाही. ज्या नियमासाठी पुस्तक पाच वेळा उघडलं आणि बेत एकदाही बदलला नाही, तो नियम फुकट वेळ खातोय.

वेळेचं गणित कागदावर मांडूनच बघा. चार प्लेअर आणि सहा गॉब्लिन (किरकोळ मॉन्स्टर) म्हणजे एका राउंडला दहा पाळ्या. लढाई चार राउंड चालली तर चाळीस पाळ्या. पाळीला ४५ सेकंद धरले तर ३० मिनिटं, दोन मिनिटं धरली तर ८० मिनिटं. तीन तासांच्या सेशनमध्ये ८० मिनिटांची एक लढाई म्हणजे जवळजवळ अर्धी संध्याकाळ, तीही सहा किरकोळ गॉब्लिनांवर. मुख्य खलनायकासाठी तेवढा वेळ द्यायला कुणाची हरकत नसते.

एक वार, तीन तऱ्हा

तपशील नेमका कुठे आणि कसा वेळ खातो ते जवळून पाहायचं तर एकच वार घ्या.

पहिली तऱ्हा हलकी. २०१४ साली आलेल्या इंटू द ऑडसारख्या खेळात वार लागला की नाही यासाठी दानच नाही. तलवार असेल तर थेट डॅमेजचा फासा टाकायचा, चिलखताचा आकडा वजा करायचा, उरेल ते हिट पॉइंटमधून (अंगातल्या जिवाच्या आकड्यातून) कापायचं. एक दान, पाच सेकंद. हुकणं हा प्रकारच नसल्यामुळे लढाई झपाट्यानं संपते आणि प्लेअर हत्यार उपसण्याआधी दोनदा विचार करतात. नियम हलका असला तरी परिणाम जिव्हारी लागणारा आहे.

दुसरी तऱ्हा मधली, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॉब्लिनचा आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १५, हिट पॉइंट ७. फायटरचा बोनस +५, म्हणजे डी२० वर १० किंवा जास्त हवेत: ५५ टक्के. डॅमेज डी८+३. लागलेल्या साध्या वारानं गॉब्लिन मरायची शक्यता ६२.५ टक्के. फाशावर थेट वीस पडल्यास बसणारा दुप्पट फाशांचा फटका धरून एका वारात गॉब्लिन पडायची शक्यता साधारण ३६ टक्के येते, आणि दुसरा लागलेला वार त्याला नक्की पाडतो, म्हणजे गॉब्लिनमागे सरासरी अडीच वार. दोन दानं आणि एक बेरीज. सरावलेला प्लेअर दोन्ही फासे एकदम टाकून हे दहा सेकंदांत उरकतो.

तिसरी तऱ्हा जड. १९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये वार करणाऱ्याचं टक्क्यांचं दान, समोरच्याचं अडवायचं दान, मग डी२० वर वार अंगावर कुठे बसला ते (१ ते ४ उजवा पाय, १९-२० डोकं), मग डॅमेज, आणि त्यातून त्या अवयवावरचं चिलखत वजा. १९८६ च्या गर्प्समध्ये तर एक पाळी म्हणजे एक सेकंद. त्याच्या २००४ च्या चौथ्या आवृत्तीत कौशल्य १४ असलेला तलवारबाज तीन डी६ टाकून जवळपास ९१ टक्के वेळा नेम साधतो, पण समोर तितकाच तयारीचा माणूस मध्यम ढाल घेऊन उभा असेल तर तो १२ च्या पॅरीनं (वार अडवायच्या आकड्यानं) ७४ टक्के वार अडवतो. म्हणजे चारातला जेमतेम एक वार अंगापर्यंत पोचतो. नवखा जीएम इथे म्हणतो, "हा खेळ कंटाळवाणा आहे." तसं नाही. त्यात हुलकावणी देऊन समोरच्याचा बचाव कमी करणं, बाजूनं जाऊन गाठणं, पाठीशी भिंत येईल असं रेटत नेणं हे सगळं नियमांत आहे, आणि ते वापरलं तरच तो तपशील वसूल होतो. नुसतं "मी मारतो, तू अडव" चालवायचं असेल तर गर्प्सचे पैसे वाया.

पायरी २: तपशील कुठे हवा ते ठरवा

प्रत्येक संशयित नियमाला तीन प्रश्न विचारा. दान टाकण्याआधी प्लेअरला खरी निवड करावी लागते का? निकालामुळे पुढची हालचाल बदलते का? आणि हा प्रसंग दर एक-दोन सेशनला येतो का? तिन्हींना हो असेल तर तपशील ठेवा. एकाला नाही असेल तर नियम एका ओळीवर आणा. दोनाला नाही असेल तर काढून टाका.

या कसोटीला न उतरणारं ठळक उदाहरण म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ३.५ आवृत्तीतली झटापट, म्हणजे ग्रॅपल. कुणाला मिठी मारून धरायचं तर आधी समोरच्याला फुकटचा वार मिळतो, तो लागला तर प्रयत्न तिथेच फसला. मग स्पर्शाचं वेगळं दान. मग दोघांनी समोरासमोर दान टाकून बेरजा पडताळायच्या, त्यात आकारमानाचा वेगळा बोनस. शेवटी समोरच्याच्या चौकोनात शिरायचं. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पटण्यासारखी आहे. पण चार-पाच सेशनमध्ये एकदा लागणारी गोष्ट लक्षात राहत नाही, दर वेळी पान शोधावं लागतं, आणि तोवर प्लेअर म्हणतात, "जाऊ दे, मी तलवारच मारतो." नियम असूनही ती कृतीच खेळातून गायब होते. जड नियमांचा हा तोटा सहसा नजरेत येत नाही. २०१४ मध्ये हेच एका समोरासमोरच्या दानावर आणलं आणि झटापट पुन्हा दिसायला लागली. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड पुस्तकातला, प्रत्येक हत्याराला प्रत्येक आर्मर क्लाससमोर वेगळा आकडा देणारा तक्ता त्याच जातीचा. अनेक टेबलांनी तो कधी उघडलाच नाही.

आता उलट उदाहरण. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक संचात डंजनमधला (भुयारी तळघरातला) वेळ दहा मिनिटांच्या टर्नमध्ये मोजतात. मशाल सहा टर्न जळते, कंदिलाचं तेल चोवीस. दर दोन टर्नला जीएम डी६ टाकतो, १ पडला तर भटका मॉन्स्टर समोर येतो. वाचायला हे हिशेबनिसाचं काम वाटतं. पण गणित पाहा: एक मशाल जळेपर्यंत तीन दानं, आणि त्यात निदान एकदा १ पडण्याची शक्यता ४२ टक्के. म्हणजे "भिंत ठोकून चोरदार शोधू" असं कुणी म्हणालं की त्याची किंमत लगेच समोर येते: एक टर्न, मशालीचा सहावा हिस्सा आणि दाराशी कुणी यायची भीती. निवड आहे, परिणाम आहे, दर सेशनला लागतं. कागदावर सहा चौकोन काढायचे आणि टर्नला एक खोडायचा, एवढंच काम. तपशील असावा तर असा.

ओझ्याचा हिशेब या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतो. पाचव्या आवृत्तीत ताकद गुणिले १५ इतके पौंड उचलता येतात. ताकद १० असलेला माणूस १५० पौंड, म्हणजे ६८ किलो घेऊन फिरू शकतो. ही मर्यादा इतकी वर आहे की ती कधी आडवी येत नाही, आणि तरी प्रत्येक वस्तूचं वजन शीटवर (कॅरेक्टरच्या नोंदीच्या कागदावर) लिहायचं. मेहनत पूर्ण, निवड शून्य. याऐवजी दहा कप्पे द्या: हत्यार एक, मोठं हत्यार दोन, ढाल एक, जड चिलखत तीन, दोर एक, मशाली तीनचा एक जुडगा एक, नाणी शंभराला एक. दहा भरले की अकरावी वस्तू घ्यायची तर एक टाकायची. सोन्याची मूर्ती दोन कप्पे खाते म्हटल्यावर "दोर टाकायचा की मशाली?" ही चर्चा आपोआप सुरू होते. नियम सोपा झाला आणि निवड मात्र वाढली. साधं विरुद्ध तपशीलवार या भांडणात ही तिसरी वाट फार जणांच्या लक्षात येत नाही.

पायरी ३: गाभ्याचं एक पान

कोणतंही पुस्तक वापरत असलात तरी टेबलावर ए-फोर कागदाच्या एका बाजूला मावेल असा गाभा हातानं लिहून ठेवा. त्याला मजकूर साधारण असा:

- दान: डी२० अधिक गुणाचा बोनस. गाठायचा आकडा नेहमीच्या कामाला १२, अवघड कामाला १६, जवळपास अशक्य कामाला २०.
- दान मागण्याआधी जीएमनं आकडा आणि चुकल्यास काय होणार हे दोन्ही बोलून दाखवायचं. चुकून काहीच बिघडणार नसेल तर दान मागायचं नाही.
- परिस्थिती अनुकूल असेल तर दोन डी२० टाकून मोठा धरायचा, प्रतिकूल असेल तर लहान. +१, +२ ची चिल्लर नाही. दोन अनुकूल गोष्टी जमल्या तरी फासे दोनच.
- सगळ्यांनी मिळून करायच्या कामात निम्मे किंवा जास्त जण जमले की सगळे जमले.
- शंका आली तर एक मिनिट चर्चा, मग जीएमचा निकाल. पुस्तक सेशन संपल्यावर.

१२ च का? पाचव्या आवृत्तीत मध्यम कामाचा आकडा १५ आहे. बोनस नसलेल्याला १५ गाठायला ३० टक्केच संधी मिळते, दहातले सात प्रयत्न फसतात, आणि जीएम लोक सवयीनं सगळ्यालाच १५ म्हणतात. बाराला बोनसशिवाय ४५, +३ ला ६० आणि +५ ला ७० टक्के येतात. कौशल्यातला फरक कळतो आणि नवखा लिंबूटिंबू होऊन बसत नाही.

चौथ्या ओळीकडे लक्ष द्या, कारण साध्या खेळात सगळ्यात जास्त घात तिथेच होतो. पहारेकऱ्यांच्या नजरेखालून चौघांना सटकायचंय, प्रत्येकाची संधी ६० टक्के. जीएम म्हणतो, "सगळे दान टाका." चारही जमायला हवेत असं धरलं तर संधी १३ टक्क्यांवर येते. निम्म्यांचा नियम लावला तर तीच ८२ टक्के होते. तीच गोष्ट लागोपाठच्या दानांची. एकाच भिंतीवर चढायला ७० टक्क्यांची तीन दानं मागितली तर प्रत्यक्षात ३४ टक्केच उरतात. "आमचे प्लेअर कधी लपूनछपून काही करतच नाहीत, थेट मारामारीवर येतात," ही तक्रार बहुतेक वेळा या गुणाकारातून आलेली असते.

दोन फाशांच्या सवलतीचाही स्वभाव ओळखून ठेवा. ११ हवे असतील तेव्हा संधी ५० वरून ७५ टक्के होते, म्हणजे +५ मिळाल्यासारखंच. पण २० च हवा असेल तर ५ वरून ९.७५, जेमतेम +१ इतकी. मधल्या आकड्यांवर ती भरघोस, टोकांना नावापुरती.

डी२० नको असेल तर २डी६ चा पर्याय आहे, जसा २०१२ च्या डंजन वर्ल्डमध्ये: १० किंवा जास्त म्हणजे जमलं, ७ ते ९ म्हणजे जमलं पण काहीतरी भोगावं लागलं, ६ किंवा कमी म्हणजे पंचाईत. +१ बोनस असताना हे अनुक्रमे २८, ४४ आणि २८ टक्के पडतं. म्हणजे जवळपास निम्म्या वेळा जीएमला तो "पण" सुचावा लागतो, आणि रात्री साडेदहानंतर तो सुचत नाही. सहा पण आधीच लिहून ठेवा आणि अडलात तर डी६ टाका: आवाज झाला, वेळ गेला, वस्तू मोडली, उभं राहायची जागा गेली, कुणीतरी पाहिलं, कुणाचे तरी उपकार झाले.

मराठी टेबलांवर बोलणं मराठीत आणि शीट इंग्रजीत असते. त्यात गैर काही नाही, फक्त एका नियमाला एकच नाव ठेवा. "सेव्ह" म्हणायचं तर सगळ्यांनी सेव्हच म्हणायचं, एकानं "बचावाचं दान" आणि दुसऱ्यानं "रेझिस्ट" म्हटलं की नवा माणूस तीन नियम समजतो. पाचव्या आवृत्तीचा ५.१ संदर्भ मजकूर जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा आहे. मूळ श्रेय लिहून तो मराठीत उतरवायला आणि वाटायला कायद्याची आडकाठी नाही.

पायरी ४: एका वेळी एकच तपशील, तीन सेशन

गाभा बसला की वर एकच तपशील चढवा आणि तो तीन सेशन चालवा. पहिल्या सेशनला विसर पडतो, दुसऱ्याला सारखा आठवतो, तिसऱ्याला त्याची खरी किंमत कळते. दोन नियम एकदम चढवले तर वेळ कुणामुळे जातोय ते कळत नाही.

सुरुवातीला जखमांचा तक्ता घ्यावा. हिट पॉइंट शून्यावर आले की डी६. १: एका राउंडमध्ये कुणी मदतीला आलं नाही तर मृत्यू. २: हात जायबंदी, आठवडाभर दोन हातांचं हत्यार नाही. ३: पाय, आठवडाभर वेग निम्मा. ४: डोक्याला मार, तासभर बेशुद्ध. ५: ढाल किंवा चिलखत फुटलं, नसेल तर एका कप्प्यातली वस्तू गेली. ६: नुसता दम गेला, पुढच्या राउंडला १ हिट पॉइंटवर उभा. सहाच ओळी, त्याही फक्त पडल्यावर. प्रत्येक वाराला तक्ता उघडावा लागत नाही आणि तरी जखम लक्षात राहते. इथेही मशालीचंच गणित आहे: तीनदा पडलेल्या कॅरेक्टरला निदान एकदा १ पडायची शक्यता ४२ टक्के. एवढं निष्ठुर नको असेल तर १ पडल्यावर मदतीची मुदत तीन राउंडांवर न्या, तक्ता मात्र बदलू नका.

जड खेळ हलका करताना

हातात पुस्तक आहे, ग्रुप रुळलेला आहे, फक्त वेग हवाय, ही परिस्थिती जास्त टेबलांवर असते. मॉन्स्टरच्या डॅमेजचे फासे टाकू नका, पुस्तकात छापलेली सरासरी घ्या. गॉब्लिनचा डी६+२ म्हणजे सरळ ५. सारख्या मॉन्स्टरांचे डी२० एकदम टाका. जादूगारानं स्पेलचा मजकूर कार्डावर लिहून आणायचा, नाही आणला तर त्या सेशनला तो स्पेल नाही. एवढ्यानंच पाळी बरीच आखूड होते आणि नियम एकही हलत नाही. आमच्या मते कापाकापी करण्याआधी सगळ्यांनी महिनाभर हे करून बघावं.

त्यानंतरही कापायचं असेल तर नियम कुणाच्या आधारावर उभा आहे ते पाहा.

इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत कुणाची पाळी आधी ते ठरवणं, हे पहिलं गिऱ्हाईक. दहा जणांचा क्रम लावण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी एकेक डी६ टाकावा, जिंकेल ती बाजू आधी, हे जुन्या बेसिकमधलं. पण पहिल्या लेव्हलला यानं अपघात होतो. सहाही गॉब्लिन एकदम आधी आले आणि ७ हिट पॉइंटच्या जादूगारावर तुटून पडले तर तो दोन वारांत आडवा, स्वतःची पाळी यायच्या आत. उपाय असा: प्रत्येक प्लेअरनं डी२० अधिक चपळाईचा बोनस टाकायचा, १२ गाठणारे मॉन्स्टरांच्या आधी, मग मॉन्स्टर, मग उरलेले. दुसऱ्या राउंडपासून सगळे प्लेअर, मग सगळे मॉन्स्टर. क्रम लिहून ठेवावाच लागत नाही.

लढाईतून बाजूला होणाऱ्याला बसणारा फुकटचा वार काढायचा मोह होतो. तो काढला की रोगची (चोर-वर्गाच्या कॅरेक्टरची) दुसऱ्या लेव्हलला मिळणारी निसटायची करामत अर्धी निरुपयोगी, आणि सेंटिनेल फीट (निवडून घ्यायची खास करामत) घेतलेल्याची निवड मातीत. ओझं पूर्ण काढलं की ताकदीला फक्त गदा-तलवारवाले विचारतात. अंधार काढला की अंधारात दिसणाऱ्या जातींचा फायदा गेला. दिवसातल्या लढाया कमी केल्या तर आणखी मोठा झोल: २०१४ च्या जीएम-पुस्तकानं दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण प्रसंग धरले आहेत. तुम्ही एकच लढाई ठेवलीत तर जादूगार सगळे मोठे स्पेल तिथेच फोडतो आणि फायटर नुसता प्रेक्षक. इलाज म्हणून मॉन्स्टरचे हिट पॉइंट वाढवू नका, त्यानं लढाई लांबते फक्त. स्पेल झोपल्यावरच परत मिळतात, म्हणून दोन रात्री झोपायला न मिळणारी जागा द्या.

पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर +१, +२ ला हात लावायचाच नाही. तिथे गाठायच्या आकड्यापेक्षा दहानं वर गेलात की क्रिटिकल (जबर फटका), दहानं खाली गेलात की सपशेल फजिती. त्यामुळे एका +१ मुळे वार लागायची शक्यता बहुतेक वेळा ५ टक्क्यांनी वाढतेच, शिवाय क्रिटिकलचीही. त्याच्या जागी दोन फाशांची सवलत घातली की शत्रूंसाठी बेतलेलं सगळं गणित विस्कटतं. त्या खेळात हलकं करायचं तर फीटची निवड आधी करून दिलेली तयार कॅरेक्टर द्या.

तपशीलाची हौस असलेल्याचं काय करायचं

प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण असतो ज्याला आकड्यांशी खेळायला मनापासून आवडतं. त्याला गप्प बसवू नका, त्याचा तपशील घरी पाठवा. कॅरेक्टर घडवणं, सामानाची खरेदी, दोन मोहिमांमधल्या काळातला किल्ला बांधणं किंवा जादूची वस्तू बनवणं, हे सगळं सेशनच्या बाहेर होतं आणि टेबलावरचा एक मिनिटही खात नाही. तिथे वाटेल तितके तक्ते द्या. अट एकच: त्या सगळ्याचा निष्कर्ष शीटवर एका ओळीत यायला हवा. "घोडदळाची तलवार, घोड्यावर असताना दोन फासे." ती ओळ कशी निघाली याचं दोन पानी गणित त्याच्याकडे राहू दे.

जीएमच्या बाजूला मात्र उलट धोरण ठेवा. प्लेअरचं कॅरेक्टर पन्नास सेशन जगतं, गॉब्लिन तीन राउंड. गॉब्लिनला पूर्ण शीट कशाला? आर्मर क्लास, हिट पॉइंट, एक हल्ला, एक खोड आणि मोरालचा (हिमतीचा) आकडा पुरे. मोराल म्हणजे बेसिक संचातला २डी६ चा छोटा नियम: पहिला गडी पडला आणि निम्मे पडले, अशा दोन वेळा दान टाकायचं, मोरालपेक्षा जास्त आलं तर उरलेले पळतात किंवा शरण येतात. गॉब्लिनला ७ धरा. दानाला सहा सेकंद जातात आणि लढाईचा हरलेल्या बाजूनं रेटलेला शेवटचा अर्धा भाग वाचतो. सगळ्या मार्गदर्शकातला एकच नियम उचलायचा असेल तर हा उचला.

मोहीम अर्ध्यावर असताना नियम बदलावा लागला तर तो सेशनच्या मध्ये नको. आधी ग्रुपवर लिहून टाका, पुढच्या सेशनच्या सुरुवातीला पाच मिनिटं बोला आणि ज्या कॅरेक्टरची एखादी करामत त्या बदलानं निकामी होते, त्या प्लेअरला तिच्या जागी दुसरी फुकट निवडू द्या. गाभ्याच्या पानावर जुनी ओळ खोडून शेजारी तारीख घाला. पान दुसऱ्या बाजूला गेलं, की नवी ओळ लिहिण्याआधी एक जुनी खोडायची.